तीन जागची माती

चांदीप, ता. वसई, जि. ठाणे
९ ऑगस्ट १९९८

चि. दिपिकास आत्याचे अनेक आशीर्वाद.

आधी तुझ्या खोकल्याचं सांग. आल्याचा रस घेतेस की नुसतं हो-हो म्हणतेस? खोलीतली ज्ञानदा दातदुखीनं रडत होती, तिचा दात काढला की ठेवला? तुमच्या मीरा मॅडमच्या सासूबाई पाय घसरून पडल्या होत्या, त्या निदान काठी धरून चालतात का? मेसच्या मावशींना गावी जायला रजा मिळाली का? एकेकाचं कळव. इकडे मी ठीक, गाय ठीक. शेजारचा नथूदादा अजून शिव्या देतो, म्हणजे तोही ठीक.

तुझा छापील कागद मिळाला. तीनदा वाचला. तू लिहिलंस तसंच केलं. दर पंधरा दिवसांनी तीन जागची माती. खाडीकडच्या कोपऱ्यातली एक, मधल्या खाचरातली एक, रस्त्याकडची एक. सावलीत कागदावर पसरून वाळवली, खडे वेचले, कापडी पिशव्यांत भरून वर चिठ्ठ्या शिवल्या. नथूदादा बांधावरून बघत होता. म्हणाला, "जिजे, पोरीला शिकायला धाडलीस ना पुन्याला? मंग माती तू कशाला उपसतेस? फी तू भरलीस, अभ्यास पन तूच कर."

मंगळवारी भाजी घेऊन माणिकपूरला गेले तेव्हा पार्सल टाकलं. पोस्टातल्या क्लेमेंटीनबायनं काट्यावर ठेवून विचारलं, "जिजाबाय, काय आहे ह्यात?" म्हटलं, माती. ती चष्म्यावरून बघत राहिली. "पुण्याला माती नाय काय?" मी म्हटलं, "आहे, पण ती आमची नाय." सगळी रांग हसली.

मी शाळेची पायरी चढले ती फक्त तुझ्या बाबाला सोडायला. आत्माराम घरी येऊन पाटीवर गिरवायचा, मी चुलीशी बसून उलट्या बाजूनं बघायचे. म्हणून मला कितीतरी दिवस अक्षरं उलटीच ओळखू यायची. आता त्याच्या पोरीच्या विद्यापीठात माझ्या हातची माती जाते. तो असता तर गावभर सांगत फिरला असता.

एक विचारते, हसू नको. ह्या मातीला तिथे मार्क पडतात ना? एखादी पिशवी कमी पडली तर तुझे मार्क कापतात का?

उत्तर लवकर दे.
तुझी, जिजाआत्या

—

पुणे
३० ऑगस्ट १९९८

प्रिय आत्या, नमस्कार.

खोकला गेला. ज्ञानदाचा दात काढला, तिनं तो डबीत ठेवलाय. मॅडमच्या सासूबाई चालतात आणि मॅडमना ओरडतातही. मेसच्या मावशींना रजा मिळाली, त्यामुळे आम्ही आठवडाभर पाव खाऊन आहोत.

तुझ्या पिशव्या बघून लॅबमधले सगळे थक्क झाले. इतकी नेटकी चिठ्ठी आमच्यापैकी कोणाची नसते. मॅडम म्हणाल्या, तुझ्या आत्यांना एम.फिल.ला बसवू या.

आत्या, इथे पहिले दोन महिने मी फार एकटी होते, तुला लिहिलं नाही. पहिल्याच सेमिनारमध्ये बोलता बोलता तोंडातून "खारं पानी" गेलं. मागच्या बाकावरचे हसले. मी कागद मिटायला लागले. तेव्हा मॅडम त्यांना म्हणाल्या, "तिच्या घरी त्या पाण्याच्या कडेला भात पिकतो. तुमच्यापैकी कोणी पिकवलाय?" त्यानंतर मी आपल्या शेताबद्दल बोलायला लाजले नाही. आता तर प्रश्न विचारायलाही लाजत नाही. कळलं नाही तर "कळलं नाही" म्हणते. घरी कधी म्हणता आलं नव्हतं बघ. बाबा गेल्यावर तू इतकं करायचीस की मला सगळं कळलंच पाहिजे असं वाटायचं.

माझा विषय सोपा करून सांगते. खाडीलगतच्या जमिनीत पावसाळ्यात मीठ खाली जातं आणि पाऊस संपला की परत वर येतं. आपल्याकडे बांध घालून भरतीचं पाणी अडवतात. अशा जुन्या बांधाआडच्या मातीत मीठ किती आणि कसं वर येतं, ते वर्षभर मोजायचं. हे कोणी नीट मोजलेलं नाही. आपल्या पणज्यांनी हातानं घातलेल्या बांधानं काय राखलंय ते मी आकड्यांत दाखवणार आहे.

यंदा बांधाला माती लावली ना? कोण कोण आलं होतं?

तुझी, दिपिका

—

चांदीप
१५ नोव्हेंबर १९९८

चि. दिपिकास आशीर्वाद.

दिवाळीला आलीस आणि दोन दिवसांत गेलीस, घर परत मुकं झालं. ज्ञानदाला करंज्या आवडल्या का? मॅडमना दिल्यास की वाटेतच संपवल्यास? सासूबाईंना दात नाहीत, त्यांच्यासाठी मऊ वेगळ्या बांधल्या होत्या.

तुला शेतावर नेलं नाही, माझा पाय दुखत होता. तूही वाचत बसली होतीस, म्हटलं कशाला उठवा. बांधाचं विचारलं होतंस. बांध आहे तसा आहे. लोक हल्ली कामाला जातात, कोणाला वेळ असतो.

मातीची काही काळजी करू नको. पिशव्या वेळेवर येतील. आता मी चांगली बारीक चाळून पाठवते.

तुझ्या खोलीला चुना दिला. खिडकी घट्ट बसत होती, ती नथूदादानं रंधा मारून सैल केली. शिकून येशील तेव्हा पुस्तकं ठेवायला फळीही ठोकून घेतली आहे.

मी ठीक आहे. तू जपून राहा. पत्र लिही.
तुझी, आत्या

—

पुणे
५ मार्च १९९९

प्रिय आत्या,

बस आधी, मग वाच. मी काल विभागातल्या सगळ्या प्राध्यापकांसमोर माझे आकडे मांडले. ह्या वेळी एकदाही अडखळले नाही. आत्या, आपल्या शेतात थंडीतही मीठ वर आलंच नाही! ऑक्टोबरपासून उलट कमी झालंय. असं कुठल्याच पुस्तकात नाही. मॅडम दोनदा म्हणाल्या, "परत मोजलंस?" मी परत मोजलं, तिसऱ्यांदाही मोजलं. तेच. शेवटी त्या म्हणाल्या, "बांधात काहीतरी आहे. ह्यावर लेख लिहायला हवा."

दुसरी बातमी याहून मोठी. वसईतल्या एका कॉलेजात लेक्चररची जागा निघाली आहे. मुलाखत जूनमध्ये. तोवर प्रबंध गेला पाहिजे, मेमध्ये जाईल. मग मी घरी येणार. सुटीपुरती नाही, राहायला. मी शिकवायला जाईन, तू भाजीला जाशील, एकाच रिक्षानं.

प्रबंधात शेताचा आणि बांधाचा फोटो हवा. एप्रिलमध्ये एक दिवस येऊन काढते.

दिपिका

—

चांदीप
१९ मार्च १९९९

चि. दिपिकास आशीर्वाद.

तुझं पत्र नथूदादाला वाचून दाखवलं. तो ऐकताऐकताच उठून गेला. म्हातारा झाला आहे.

फोटोसाठी एवढ्या लांब येऊ नको. ऊन फार आहे. विहीर आटत आली आहे. घराची कौलं काढली आहेत, तुला झोपायला जागा नाही. मी माणिकपूरच्या फोटोवाल्याला सांगून काढून घेते आणि पाठवते. तू अभ्यास सोडू नको, तेवढा महिना काढ. मग घरीच यायचं आहे ना.

मी ठीक आहे.
आत्या

—

पुणे
१४ एप्रिल १९९९

आत्या,

परवा मी न सांगता आले होते. तू बाजाराला गेली होतीस. कौलं जागेवर होती. विहिरीला पाणी होतं. मी कॅमेरा घेऊन सरळ शेतावर गेले.

बांध दोन ठिकाणी फुटलेला आहे. भगदाडातून बैलगाडी जाईल. आपली सगळी खाचरं पांढरी पडली आहेत. चालताना मीठ पायाखाली करकरत होतं. मागच्या भाताचे बुडखे काळे होऊन तसेच उभे आहेत.

नथूकाका भेटले. मी विचारलं, कधी झालं? ते म्हणाले, "सर्वपित्रीच्या उधानाला. तुला सांगितलं नाय व्हय तिनं? मंग तुझी आत्या माज्या वरच्या शेतातली माती नेते पंधरा दिसांनी, ती कशाला?"

मी फोटो काढला नाही. तुला न भेटता गेले, कारण भेटले असते तर काय बोलले असते मला माहीत नाही.

सप्टेंबरनंतरच्या सगळ्या पिशव्या नथूकाकांच्या शेतातल्या आहेत का? एकही आपली नाही? का केलंस? मला नीट लिहून पाठव.

दिपिका

—

चांदीप
२० एप्रिल १९९९

दिपिका,

घरी आले तर ओट्यावर तुझ्या चपलेचा ठसा होता, मिठाचा. तेव्हाच ओळखलं.

विचारलंस म्हणून सगळं लिहिते. वैशाखात बांधाला माती लावायला घरटी एक माणूस यायचा, हे तुला ठाऊक आहे. सव्वीस घरं. मागच्या वैशाखात आलो आम्ही चौघं. नथूदादानं दारोदार जाऊन हाका मारल्या. कोणी म्हणे ड्यूटी आहे, कोणी म्हणे आता जमीन ठेवतो कोण. चौघांनी किती चिखल वाहायचा? सर्वपित्रीला पान वाढून मी शेतावर गेले, भर दुपारची भरती होती. माझ्या डोळ्यांदेखत बांध खचला. भात निसवला होता ग, लोंब्या नुकत्या बाहेर आल्या होत्या. पाणी आत आलं, आणि ते उभं पीक असं हललं की जणू कोणी आतून चालत जातंय. मी आणि नथूदादा गवताचे भारे टाकत राहिलो. नथूदादाचं पागोटंसुद्धा त्या भगदाडात गेलं.

आत्माराम जाताना म्हणाला होता, पोर आणि शेत दोन्ही तुझ्याकडे. पोरीला शेत गेलं म्हणून कसं लिहू? तू तर लिहिलं होतंस, पणज्यांनी काय राखलंय ते मी दाखवणार. त्या आठवड्यात मी शेतातली माती गोळा केली होती. पिशवीत भरली, चिठ्ठी शिवली. मग वाटलं, ही असली मेलेली माती गेली तर तुला नापास करतील. तुला विचारलं होतं मी, मातीला मार्क असतात का. तू काही लिहिलं नाहीस. मी समजले, असतील. इतकी शिकलेली माणसं तराजू लावून बसतात ती उगाच का? म्हणून नथूदादाच्या वरच्या शेतातली घेतली. तिथे भरती पोचत नाही. चांगली काळी, मऊ माती. देवाच्या नैवेद्याला निवडावी तशी निवडून दिली.

सप्टेंबरनंतरची एकही आपली नाही. झालं, लिहिलं.

आता पाया पडते, वयानं मोठी असून. कोणाला सांगू नको. नथूदादा बोलणार नाही, मी बोलणार नाही. त्या पिशव्या काय तोंड उघडणार आहेत? जूनची मुलाखत होऊ दे. तू घरी ये. मग मला हवं तेवढं बोल, मी ऐकून घेईन.

आत्या

—

पुणे
६ मे १९९९

प्रिय आत्या,

मी मॅडमना सांगितलं.

लगेच नाही सांगितलं. अकरा दिवस ठेवलं. टायपिंगला टाकलेला प्रबंध हातात आला, तो उशाला घेऊन झोपले. ज्ञानदा म्हणाली, कोण बघायला येणार आहे चांदीपला? खरंच कोणी येणार नव्हतं. मग एका सकाळी मॅडमच्या केबिनबाहेर उभी राहिले. तीनदा परत फिरले. चौथ्यांदा त्यांनीच आतून हाक मारली.

सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "हे तुझ्याखेरीज कोणाला माहीत आहे?" मी म्हटलं, इथे कोणालाच नाही. त्या म्हणाल्या, "विभागासमोर बांधाची वाखाणणी मीही केली होती. दोघींनी मिळून मागे घेऊ."

प्रबंध आता जाणार नाही. नवीन जागा, नवी मोजणी, आणखी एक वर्ष. पदवी हातात नाही म्हणून जूनच्या मुलाखतीला अर्थ नाही. कॉलेजला तसं कळवलं.

तुझा राग आला होता, खूप आला होता. आता त्यातला बराच माझ्याकडे वळलाय. इथे पहिल्या दिवशी शिकवतात की नमुना आपल्या हातानं घ्यायचा. मी तुला छापील कागद पाठवला आणि मोकळी झाले. दिवाळीत शेतापासून पाऊण तासावर बसून शेतीची पुस्तकं वाचली. तू मार्कांचं विचारलंस, मी हसले आणि उत्तर द्यायचं विसरले. मातीला मार्क नसतात आत्या. मेलेली माती पाठवली असतीस तरी चाललं असतं. तीच पाठवायची होती.

एक मागते. विभागाला माती गोळा करणाऱ्याच्या हातचं लेखी लागेल, कुठली पिशवी कुठली ते. मी तुझं नाव टाळायचा प्रयत्न केला, जमलं नाही. देशील?

दिपिका

—

चांदीप
१८ मे १९९९

चि. दिपिकास आशीर्वाद.

सोबत कागद आहे. सात वेळा लिहिला. पहिल्या सहांत मी कारणंच देत बसले होते. नथूदादा म्हणाला, "तुला कारनं कोनी इचारली? काय केलंस तेवढं लिव." मग एवढाच उरला:

"मी, जिजा नारायण भोईर, राहणार चांदीप, लिहून देते की जुलै ते सप्टेंबर १९९८ ची माती आमच्या शेतातली आहे. त्यानंतरची सर्व माती शेजारी नथू यांच्या वरच्या शेतातली आहे. ती मी दिपिकाला न सांगता पाठवली. तिचा दोष नाही."

खाली नथूदादाचा अंगठा आहे.

माणिकपूरला क्लेमेंटीनबाय म्हणाली, "आज नुसतं पाकीट? माती संपली काय?" मी हो म्हटलं.

तू सांगितलंस ते बरोबर केलंस. हे लिहायला मला चार दिवस लागले.
आत्या

—

पुणे
२७ जून २०००

प्रिय आत्या,

एम.फिल. पूर्ण झालं. रत्नागिरीकडच्या खाडीवर मोजणी केली, प्रत्येक पिशवी स्वतः भरली. तिकडेच एका संस्थेत खाऱ्या जमिनींच्या कामावर नोकरी मिळाली आहे. पुढच्या आठवड्यात रुजू होते. वसईची ती जागा भरली गेली, आता तिकडे काही नाही.

मध्ये यायला जमलं नाही. काम होतं. तब्येतीला जप.

दिपिका

—

चांदीप
४ फेब्रुवारी २००१

चि. दिपिकास अनेक आशीर्वाद.

नव्या गावी तुझं जेवणाचं कसं चाललंय? खोकला परत आला नाही ना? ज्ञानदाचं लग्न ठरलं असं तू मागे एका ओळीत लिहिलं होतंस, झालं का? मीरा मॅडमना पत्र घालतेस का? त्यांच्या सासूबाई आहेत ना अजून? त्या बाईंना मी कधी बघितलं नाही, पण दोन वर्षं त्यांच्या पायाची चौकशी करून त्या मला घरच्याच वाटतात.

आधी शेताचं सांगते, कारण मागे ते आधी सांगायला हवं होतं. आपल्या शेतावर मुरूम पडतो आहे, जमीन बिल्डरला गेली. सव्वीसपैकी बावीस घरांनी सह्या केल्या होत्या. मग नथूदादानं केली. मग मी. सही अगदी सरळ आली, ह्याचंच मला वाईट वाटलं.

नथूदादा मनवेलपाड्याला लेकाकडे राहायला गेला, तिसऱ्या मजल्यावर. मी भेटायला गेले होते. गॅलरीत खुर्ची टाकून बसलेला असतो. म्हणाला, "जिजे, हिते पानी नळाला येतं, पन पायाला लागत नाय." लेकानं दिलेली स्वच्छ पांढरी बनियन घालून बसला होता. मला ओळखायला त्याला क्षणभर लागला.

तुझ्या सात-आठ ओळींची पत्रं मी जपून ठेवते. त्यांत एकही चूक नसते. विद्यापीठानं तुला चांगलं घडवलं. खोटं हातात आलं तर ते ठेवून घ्यायचं नाही, नोकरी गेली तरी, हे तू शिकलीस. मी तुला वाढवलं आणि हे शिकवलं नव्हतं. मी शिकवलं होतं ते एवढंच की आपल्या माणसाला दुखेल असं काही सांगायचं नाही. तुझा बाबा आजारी होता तेव्हाही मी तुला "बरा होतोय" म्हणून सांगत राहिले होते. तू तेव्हा दहा वर्षांची होतीस, मी सांगितलं ते खरं धरून त्याच्यासाठी अंगणातली फुलं गोळा करत बसलीस. त्याचं तू मला कधी बोलली नाहीस.

परत तशीच वेळ आली तर मी खरी माती पाठवीन का? मनाला विचारून बघितलं. हो म्हणायला फार आवडेल, पण छाती ठोकून सांगता येत नाही. म्हणून निदान एवढं तरी करून बघते, की ह्या पत्रात खरं तेवढंच लिहायचं.

मी ठीक नाही. डाव्या डोळ्यानं दिसत नाही, म्हणून ह्या ओळी वर चढल्या आहेत. पावसाळ्यानंतर दोनदा चक्कर येऊन पडले, एकदा तर विहिरीच्या काठाशी. भाजी विकणं बंद केलं. गाय देऊन टाकली. दिवसभर कोणी बोलायला नसतं, तेव्हा मी तुझ्या खोलीत जाऊन बसते आणि तिथेही बोलत नाही. तू आली नाहीस ते कामामुळे असं तू लिहिलंस. मी ते चारचौघांत तसंच सांगते, पण माझा त्यावर विश्वास बसत नाही.

तू यावंस असं मला वाटतं. दोन दिवस नको, चार दिवस ये.

आणि यायचं नसेल तर तेही लिही. रागावली असशील तर रागावले म्हणून लिही, चार शिव्या घाल, मी नथूदादाच्या ऐकून सरावलेली आहे. फक्त काम आहे म्हणून लिहू नको. आणि लवकर लिही ग, उजव्या डोळ्याचं काही खरं नाही.

तुझी, जिजाआत्या